बॉल मुद्दाम खाली जातो का?

(पोस्ट लांब आहे. पिनबॉलबद्दल आहे, पण फक्त पिनबॉलबद्दल नाही. निवांत असाल तेव्हा वाचा.)

दिवाळीत बहिणीकडे गेलो होतो. भाचा सातवीत आहे. फराळाचं ताट बाजूला ठेवून सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर पिनबॉल खेळत होता. चार-पाच बॉल गेल्यावर वैतागून म्हणाला, "मामा, हा बॉल मुद्दाम खाली जातो."

मी मोठ्या माणसांचं ठरलेलं उत्तर दिलं. "बॉल कसा मुद्दाम जाईल? तूच बटण उशिरा दाबलंस."

"नाही. पुढची लेव्हल जवळ आली की जातो. मग जाहिरात बघितली की एक बॉल फुकट मिळतो. त्या बॉलला काहीही होत नाही, तो बराच वेळ वर राहतो."

मी फोन घेतला, अर्धा तास खेळलो. आणि खरं सांगतो, मलाही तसंच वाटायला लागलं. अर्थात मी हरत होतो, आणि हरणाऱ्याला प्रत्येक डाव रडीचाच वाटतो. त्यामुळे माझ्या वाटण्याला किंमत नाही. पण घरी परतताना एक गोष्ट डोक्यातून जाईना. पोराला मी म्हटलं, "बॉल कसा मुद्दाम जाईल?" लाकडी बोर्डावरच्या गोळीबद्दल हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. स्क्रीनवरच्या बॉलबद्दल ते खरं आहे का?

आपल्यापैकी बऱ्याच जणांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत बॅगाटेल खेळलेलं असेल. तिरका लाकडी बोर्ड, त्यात ठोकलेले खिळे, स्प्रिंगचा दट्ट्या आणि चार-सहा गोळ्या. पिनबॉल हे त्याचंच पुढचं रूप. काचेखाली उतार असलेलं टेबल, वर बंपर आणि रॅम्प, खाली दोन फ्लिपर. बॉल दोन फ्लिपरच्या मधून गेला की गेला. खरं पिनबॉल मशीन आपल्याकडे फार कमी लोकांनी पाहिलंय. आपली ओळख झाली ती विंडोज एक्सपीमधल्या 'स्पेस कॅडेट'मुळे. सायबर कॅफेत, ऑफिसात, साहेब जेवायला गेल्यावर. म्हणजे आपल्यासाठी पिनबॉल हा सुरुवातीपासूनच कॉम्प्युटरचा खेळ. खरा बॉल कसा पळतो हे माहीत नसल्यामुळे खोटा बॉल ओळखायची सोयच आपल्याकडे नव्हती.

म्हणून आधी खऱ्या बॉलबद्दल. आणि त्याची सुरुवात न्यूयॉर्कपासून.

१९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेलो लाग्वार्डिया यांनी शहरात पिनबॉलवर बंदी आणली. पोलिसांनी छापे घालून मशीन जप्त केली आणि महापौरांनी हातात घण घेऊन ती फोडतानाचे फोटो काढून घेतले. कारण काय, तर हा जुगार आहे, पोरांच्या खिशातली नाणी लुबाडतो. तेव्हाच्या हिशेबाने ते फार चुकीचं नव्हतं. त्या मशीनना फ्लिपरच नव्हते. दट्ट्या ओढायचा, बॉल सोडायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. टेबलाला धक्का देण्यापलीकडे खेळणाऱ्याच्या हातात काही नव्हतं. बटणाने चालणारे फ्लिपर आले ते १९४७ मध्ये, गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या मशीनवर. खेळ बदलला, बंदी मात्र तशीच राहिली. चौतीस वर्षं.

१९७६ च्या एप्रिलमध्ये शहराच्या कौन्सिलसमोर सुनावणी झाली. रॉजर शार्प नावाचा तरुण पत्रकार साक्षीला उभा राहिला. हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ आहे हे त्याला दाखवून द्यायचं होतं. दोन मशीन आणली होती. एका सदस्याला शंका आली की पहिल्या मशीनमध्ये आधीच काही करून ठेवलं असेल, म्हणून त्याने राखीव मशीनवर खेळायला लावलं. शार्प खेळले. शेवटी त्यांनी दट्ट्याला हात लावून आधीच सांगितलं की बॉल वरच्या मधल्या वाटेने जाईल. सोडला. गेला. समितीचं मत बदललं आणि बंदी उठली. त्या शॉटमध्ये नशिबाचाही हात होता, हे शार्प यांनी स्वतः पुढे मोकळेपणाने कबूल केलंय.

या गोष्टीत मला भावतो तो शंका घेणारा सदस्य. 'हे मशीन नको, ते मशीन घे' असं तो म्हणू शकला, कारण दुसरं मशीनही त्याच पृथ्वीवर उभं होतं. त्याही बॉलला तेच गुरुत्वाकर्षण लागू होतं. कौशल्य आहे की नाही हे तपासण्याआधी बॉल प्रामाणिक आहे याची खात्री हवी, हे त्या माणसाला बरोबर कळलं होतं.

आता बॉलचं गणित. घाबरू नका, नववी-दहावीचंच आहे.

खरा बॉल पोलादाचा, व्यास साधारण २७ मिलिमीटर, वजन ८० ग्रॅमच्या आसपास. अलीकडच्या मशीनच्या टेबलाचा उतार साधारण साडेसहा अंश. एवढ्या उतारावर घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याचं त्वरण येतं दर सेकंदाला सेकंदामागे ०.८ मीटरच्या आसपास. हातातून सुटलेल्या दगडाच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढं. टेबल सव्वा मीटरपेक्षा थोडं कमी लांब, म्हणजे वरून सुटलेला बॉल मध्ये काही आडवं आलं नाही तर दीड-पावणेदोन सेकंदांत खाली पोचतो. खेळणाऱ्याच्या मेंदूला हे घड्याळ लागतं. शंभर डाव खेळलेल्या माणसाचा अंगठा हे गणित न मांडता करतो.

यात एक बारकावा आहे. बॉल घसरत नाही, घरंगळतो. त्याच्या गतीच्या ऊर्जेतला दोन सप्तमांश हिस्सा गिरकीत जातो. गेम लिहिणाऱ्याने गिरकी विसरून नुसतं घसरणं मोजलं, तर तेच त्वरण ०.८ ऐवजी १.१ होतं. बॉल फार जोरात येतोय असं वाटलं की गुरुत्व कमी करायचं. मग वर मारलेला बॉल परत यायलाच तयार नाही, म्हणून फ्लिपरचा जोर कमी करायचा. एक चूक झाकायला दुसरी, दुसरी झाकायला तिसरी. शेवटी बॉल फुग्यासारखा तरंगायला लागतो. मोबाइलवर ज्यांनी पिनबॉल खेळलंय त्यांना हा फुगा ओळखीचा असेल.

गिरकीनंतर रबर. फ्लिपरवर रबराची कडी असते आणि खरं कौशल्य तिथेच असतं. बॉल येतोय, तुम्ही फ्लिपर हलवलाच नाही, तर तो रबरावरून टप्पा घेऊन दुसऱ्या फ्लिपरवर अलगद जातो. उचललेला फ्लिपर बॉल टेकायच्या क्षणी सोडला तर बॉलचा जोर मरतो आणि तो फ्लिपरवर विसावतो. क्रिकेटमध्ये आपण कॅच घेताना हात मागे घेतो, तसंच. त्याहून अवघड म्हणजे फ्लिपर वर पोचण्याच्या अगदी शेवटच्या क्षणी बॉल झेलणं. बरोबर जमलं तर एवढ्या वेगाने आलेला बॉल जागच्या जागी थिजतो. हे सगळं रबर किती ताठ आहे, फ्लिपरच्या कॉइलमध्ये किती जोर आहे, बॉल कोणत्या बाजूला फिरतोय यावर ठरतं. आणि शेवटचं हत्यार म्हणजे टेबलाला दिलेला हलका धक्का. मशीनच्या पोटात धातूच्या कडीत लटकणारा एक लंबक असतो. धक्का जास्त झाला की लंबक कडीला टेकतो, 'टिल्ट' होतं, फ्लिपर बंद पडतात आणि तो बॉल गेला. म्हणजे लबाडीलाही हद्द आहे आणि ती हद्द एका लोंबत्या वजनाने ठरवलेली आहे. कुणाच्या मर्जीने नाही.

आता स्क्रीनवर या.

स्क्रीनवर उतार नाही, पोलाद नाही, रबर नाही. आहेत फक्त आकडे. बॉल इथे आहे, त्याचा वेग इतका आहे, पुढच्या क्षणी तो तिथे असेल. हा 'पुढचा क्षण' किती लांबचा घ्यायचा, इथून भानगड सुरू होते. सेकंदाला ६० वेळा हिशेब केला आणि बॉलचा वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर दोन हिशेबांमध्ये बॉल ५ सेंटिमीटर पुढे जातो. त्याच्या स्वतःच्या व्यासाच्या जवळपास दुप्पट. मध्ये पातळ भिंत असेल तर एका हिशेबात बॉल भिंतीच्या अलीकडे आणि पुढच्या हिशेबात पलीकडे. भिंतीला तो टेकलाच नाही! भुतासारखा आरपार. यावर उपाय दोन. हिशेब फार जलद करायचे, किंवा दोन हिशेबांच्या मधल्या वाटेत काय काय आडवं येतं तेही मोजायचं. दोन्हीला मेहनत लागते.

हे काही पुस्तकी उदाहरण नाही. आपलं लाडकं 'स्पेस कॅडेट' विंडोज व्हिस्टामध्ये का दिसलं नाही, याचं कारण मायक्रोसॉफ्टचे रेमंड चेन यांनी २०१२ मध्ये आपल्या ब्लॉगवर लिहिलं. ६४-बिट आवृत्ती करताना बॉल कशालाही न अडता सगळ्यातून आरपार जाऊ लागला. टक्कर ओळखणाऱ्या भागात कुठेतरी गडबड होती. कोड बाहेरच्या कंपनीने बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेला, त्यात समजून घ्यायला टिपणं जवळपास नाहीत. कुठे काय बिघडलंय हे सापडेना, शेवटी गेमच काढून टाकला. जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीला, हातात कोड असूनही, बॉल असा का वागतोय ते कळेना. मग माझ्या भाच्याने कसं ओळखावं?

बरं, बॉल अचूक असला तरी पुरत नाही. तुम्ही बटण दाबलं आणि फ्लिपर स्क्रीनवर हलला, यात वेळ जातो. समजा ८० मिलीसेकंद गेले. खालपर्यंत येताना बॉलचा वेग सेकंदाला सव्वा मीटरच्या पुढे असतो. ८० मिलीसेकंदांत तो १० सेंटिमीटर सरकला. फ्लिपरच साडेसात सेंटिमीटरचा! म्हणजे 'तूच बटण उशिरा दाबलंस' हे माझं उत्तरही बरोबर नव्हतं. पोराने वेळेवर दाबलं असेल, यंत्राने उशिरा ऐकलं असेल.

हे सगळं नीट करणारी माणसं आहेत, हेही सांगितलं पाहिजे. १९८३ मध्ये बिल बज यांनी 'पिनबॉल कन्स्ट्रक्शन सेट' काढला. त्यात खेळणाऱ्यालाच टेबल रचता यायचं आणि गुरुत्व, उसळी वगैरे स्वतः कमी-जास्त करता यायचं. चाळीस वर्षांपूर्वीच्या अ‍ॅपल-२ कॉम्प्युटरवर! खोटं गुरुत्व होतंच, पण ते किती खोटं आहे हे तुमच्या हातात होतं. पुढे २००० मध्ये 'व्हिज्युअल पिनबॉल' आलं. आज त्याचा कोड सर्वांना खुला आहे. कुठलंही टेबल उघडा, उतार किती, घर्षण किती, रबर किती उसळतं, सगळे आकडे समोर. खऱ्या मशीनवर खेळणारे हौशी लोक त्या आकड्यांवरून एकमेकांशी तावातावाने भांडतात, दुरुस्त्या करतात. बुडापेस्टच्या झेन स्टुडिओज या कंपनीच्या गेममधला बॉल हलका वाटतो अशी जुन्या खेळाडूंची तक्रार असायची. २०१८ मध्ये त्यांच्याकडे विल्यम्स आणि बॅली या कंपन्यांच्या जुन्या खऱ्या टेबलांचे हक्क आले, तेव्हा त्यांनी त्यासाठी खऱ्या मशीनच्या जवळ जाणारं वेगळं भौतिकशास्त्र दिलं. म्हणजे मागणी केली तर मिळतं.

आता नेहमीचा आक्षेप. "अरे, गेम आहे तो! मजेसाठी आहे. मारिओ उडी मारतो ते कुठे भौतिकशास्त्राप्रमाणे असतं?"

मान्य. शंभर टक्के मान्य. मारिओची उडी खोटी आहे, पण प्रत्येक वेळी सारखीच खोटी आहे. म्हणून ती शिकता येते. चंद्रावरचं पिनबॉल काढा, बॉल तरंगू द्या, माझी काही हरकत नाही. पण तो सोमवारी जसा तरंगतो तसाच मंगळवारी तरंगला पाहिजे. मी जिंकत असताना जसा वागतो तसाच हरत असताना वागला पाहिजे. कॅरम खेळताना बोर्ड एका बाजूला कलता असेल तर आपण खाली पुठ्ठ्याची घडी सरकवतो, नाहीतर कल दोघांनाही सारखाच म्हणून खेळतो. पण बोर्ड फक्त माझ्या वेळी कलत असेल तर?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खरी मशीन तरी कुठे धुतल्या तांदळासारखी होती? नव्हतीच. १९९२ च्या प्रसिद्ध 'अ‍ॅडम्स फॅमिली' मशीनमध्ये टेबलाखाली चुंबक होते आणि ते चालू झाले की बॉल वेडावाकडा खेचला जायचा. डाव संपल्यावर एक आकडा यायचा आणि तुमच्या गुणांचे शेवटचे आकडे जुळले तर एक डाव फुकट. दिसायला अगदी सोडत. पण कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनमध्ये शंभरातल्या किती जणांना ही लॉटरी लागावी, ते मालकाला आतून ठरवता यायचं. उतारही मालक पायांचे स्क्रू फिरवून वाढवायचा, म्हणजे बॉल लवकर पडतो, नाणी लवकर येतात.

मग फरक काय? फरक हा की ते सगळं मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत छापलेलं होतं. कोणतं सेटिंग कुठे आहे, कारखान्यातून निघताना किती टक्क्यांवर ठेवलंय, सगळं. चुंबक काच काढली की सापडतो. उतार मोजायला सुताराकडची पाणसळ पुरते. लबाडी असेल तर ती पकडता येण्यासारखी होती. मोबाइलवरच्या बॉलची पुस्तिका कुठे आहे?

आता हे आपल्या दारात आणतो, कारण एवढं लिहिण्याचं कारण तेच आहे.

आपल्याकडे जुगाराचा सगळा कायदा 'कौशल्य की नशीब' या एका प्रश्नावर उभा होता. १८६७ चा केंद्रीय कायदा घ्या किंवा आपला १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा घ्या, निव्वळ कौशल्याचा खेळ त्यातून वगळलेला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमीमध्ये प्रामुख्याने कौशल्य लागतं असं म्हटलं, कारण कोणती पानं पडली ते लक्षात ठेवावं लागतं, काय ठेवायचं काय टाकायचं हे ठरवावं लागतं. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीबद्दलही तसाच निर्णय आला. पुढे मोबाइल आले आणि याच निर्णयांच्या आधारावर पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपचा बाजार उभा राहिला.

पण त्या निर्णयांमागे एक गोष्ट गृहीत होती, जी तेव्हा कुणाला बोलून दाखवायची गरज वाटली नाही. पत्ते खरोखर पिसलेले आहेत. समोरचा खरोखर माणूस आहे. घोडा खरोखर धावतोय. अ‍ॅपमध्ये यातलं काहीच डोळ्यांना दिसत नाही. तुमचं कौशल्य कितीही असो, पत्ते पिसणारा हात कोडमध्ये लपलेला आहे. 'कौशल्य की नशीब' यावर वकील भांडत राहिले आणि 'की कुणीतरी तिसऱ्यानेच ठरवलेलं' हा पर्याय फारसा चर्चेतच आला नाही.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी, मग तो कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हींचा. त्याला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. या खेळांपायी ज्यांची घरं बुडाली त्यांचा विचार करता बंदीच्या बाजूने बरंच बोलता येईल. पण माझा मुद्दा वेगळा आहे. सरकारने तो जुना प्रश्न सोडवला नाही, बाजूला सारला. बॉल प्रामाणिक आहे का हे तपासायची यंत्रणा उभी केली नाही. पैशाचं टेबलच उचलून नेलं. आणि माझ्या भाच्याचा गेम त्या टेबलावर नाहीच! तो 'फुकट' आहे. त्यात पैसे जिंकायचे नाहीत, म्हणून तो जुगार नाही. फक्त जाहिराती बघायच्या आणि जमलं तर आईच्या फोनवरून एकोणपन्नास रुपयांचे जादा बॉल घ्यायचे. त्या बॉलचा वेग शेवटच्या टप्प्यात वाढवला जातो का, फ्लिपर मुद्दाम दोन मिलिमीटर आखूड होतो का, हे विचारायचं कुणाला?

बाजारात भाजीवाल्याने काटा मारला तर काय करायचं हे आपल्याला माहीत आहे. वैधमापनशास्त्र विभाग आहे. वजनं तपासली जातात, काट्याला शिक्का लागतो. काटा इलेक्ट्रॉनिक झाला तरी शिक्का सुटला नाही. २०१७ मध्ये आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांच्या कारवाईत पेट्रोल पंपांवर मापात फेरफार करणाऱ्या चिप सापडल्या, तेव्हा आकडा बरोबर दिसत असूनही पेट्रोल कमी पडू शकतं हे सगळ्यांना कळलं. तेव्हा कुणी म्हटलं नाही की "अहो, पंप आहे तो, विश्वास ठेवा." गेममधला बॉल हाही एक काटाच आहे. एका पारड्यात पोराची मेहनत आणि वेळ, दुसऱ्यात यश. या काट्यावर शिक्का कुणाचा?

मी काही मोठं मागत नाही. कोड उघडा करा असंही म्हणत नाही, ते कंपन्यांचं भांडवल आहे. तीन गोष्टी मागतो.

एक. खेळणाऱ्याची परिस्थिती बघून (हरतोय की जिंकतोय, पैसे भरलेत की नाही, जाहिरात बघितली की नाही) गेम आपले नियम बदलत असेल, तर तसं पहिल्या स्क्रीनवर स्वच्छ मराठीत, हिंदीत, इंग्रजीत लिहा. 'नवशिक्यांसाठी सोपं केलंय' असंही लिहा. सोपं करण्यात पाप नाही, लपवण्यात आहे.

दोन. ज्या गेममध्ये पैसे देऊन जादा संधी विकत घेता येते, तो गेम स्वतंत्र तपासनिसाला कोडसकट दाखवायची तयारी हवी. काट्याला लागतो तसा शिक्का.

तीन. ही मागणी फक्त सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. पोरांना फोन हातात देताना 'खेळू नको' एवढंच सांगण्यापेक्षा 'तपासून खेळ' हे शिकवा.

तपासायचं कसं? सोपं आहे. फ्लिपर वर धरून त्यावर बॉल थांबवा. फ्लिपर सोडा, बॉल टोकाकडे घरंगळू लागला की ठरावीक जागी पोचल्यावर मारा. वीस वेळा करा. खऱ्या टेबलावरही बॉल दर वेळी हुबेहूब त्याच जागी जात नाही, पण तुमचा हात बसला की शॉट बसू लागतो. हात बसूनही शॉट बसत नसेल तर शंका घ्या. दुसरं, येणाऱ्या बॉलला फ्लिपर न हलवता टप्पा घेऊ द्या. दुसऱ्या फ्लिपरकडे जातो की चिखलात पडल्यासारखा थबकतो? तिसरं, वही घ्या. बॉल किती सेकंद टिकला, कधी पडला, तेव्हा पुढची लेव्हल किती जवळ होती, आधी जाहिरात पाहिली होती का, सगळं लिहा.

भाच्याला फोनवर हे सांगितलं. त्याने खरंच वही केली. चाळीस बॉलची नोंद आहे, रकाने आखून. पुढच्या लेव्हलच्या तोंडाशी गेलेले अकरा बॉल, जाहिरातीनंतरचे बॉल सरासरीने जास्त टिकलेले. मी त्याला सांगितलं, चाळीस नोंदींवरून काहीही सिद्ध होत नाही. लेव्हल जवळ आली की माणूस घाबरतो, हात चुकतो, हेही कारण असू शकतं. आणि जाहिरात बघताना अंगठ्याला विश्रांती मिळते, तेही. तो जरा हिरमुसला. मग म्हणाला, "पण मामा, कंपनीला तर माहीत असेल ना? मग ते का सांगत नाहीत?"

याचं उत्तर मला देता आलं नाही.

तो गेम अजून त्याच्या फोनमध्ये आहे. पण मागच्या रविवारी बहिणीने फोटो पाठवला. प्लायवूडचा तुकडा, खाली दोन पुस्तकं ठेवून दिलेला उतार, वाकडेतिकडे ठोकलेले खिळे, रबर बँड आणि सायकलच्या दुकानातून आणलेले छर्रे. फोटोखाली त्याचा निरोप होता: "यात पण बॉल सारखा खाली जातो. पण यात मला खिळा हलवता येतो."

तुमच्या घरच्या मुलांना असा अनुभव आला असेल तर कॉमेंटमध्ये लिहा. गेम लिहिणारी, बनवणारी मंडळी इथे असतील तर त्यांनीही लिहावं. माझं काही चुकत असेल तर दुरुस्त करा. पण 'गेमच तर आहे' एवढंच म्हणून सोडू नका.